दुसरा ठसा

सोजरबाई झारेकरीण अकराच्या सुमाराला येते,
गुडघ्यापर्यंत गोदावरी वाळलेली.
गाडगे महाराज पुलाखालचा गाळ पहाटेच पाटीत घोळवून झालेला असतो,
उरलंसुरलं ती काउंटरवर ओतते:
राखेबरोबर वाहून आलेला सोन्याचा मणी,
बाळीचा आकडा, बंद झालेले वीस पैसे,
आणि आज हे एक,
नखाएवढं, काळंठिक्कर.
"चांदी हाय का तेवढं बघा."

ताजव्यात दोन ग्रॅम, वर थोडं.
चिंचेच्या पाण्यात टाकलं
तर हळूहळू एक माणूस वर आला.
धारदार नाक, बसलेलं गालफड, केसांना पट्टा,
भोवती गोल फिरणारी यवनांची अक्षरं.
पण कानापासून हनुवटीपर्यंत
त्याच्यावर कुणी डोंगर ठोकलाय,
तीन कमानींचा, पायथ्याला नागमोडी रेघ.
डोंगरातून एक डोळा अजून बघतो.

गायधनी सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
म्हणाले, क्षहरातांचं. वरचा ठोका सातवाहनांचा.
जोगलटेंभीला असली हजारो निघाली होती.
नाव एकच, चेहरे निरनिराळे,
कुठे तरणा, कुठे बोळका, कुठे भलताच कोणी.
बाप, मुलगा की पुतण्या,
कोण कुणाच्या नावाखाली बसला होता
ते टाकसाळीलाच ठाऊक.
आणि अक्षरं कोरणाऱ्याला ती भाषा येत असेलच असं नाही.
आधीच्या ठशाबरहुकूम तो काढत गेला,
माझी आत्या बँकेत सही काढायची तशी,
चित्र म्हणून.

मग सरांनी वरच्या मुलखातल्या एका यवन राणीचं सांगितलं.
नवरा गेला, पोरगं लहान.
काही नाण्यांवर ती एकटी आहे.
काहींवर दोघं, एकामागे एक, एकाच दिशेला बघणारी,
जशी मायलेकरं टांग्यात बसतात.
आणि मग फक्त तो. मिसरूड फुटलेला.
"मेली का ती?" सोजरने विचारलं.
सर म्हणाले, नाण्यावरून तेवढं कळत नाही.

इथे आपल्या पांडवलेण्यात मात्र
राजाची आई भिंतभर बोलून ठेवते,
मुलाची ओळखही तिच्याच नावाने.
सहावीच्या सहलीत त्या भिंतीला टेकून
मी पोळी-भाजी खाल्ली होती.
वाचता येत नव्हतं.

"भाव सांगा की शेठ, ऊन झालं."

कसोटीवर घासायचं
तर चेहरा तरी जाणार नाहीतर डोंगर.
काठावर घासलं, जिथे दोघंही नव्हते.
रेघ पांढरी उठली.

दादा गेल्यावर नऊ वर्षं
दुकानावर पाटी होती: अनसूया रंगनाथ विसपुते, सराफ.
गुंजा, वाल, मासे तिच्या तोंडात,
गहाणाची वही तिच्या मांडीवर,
आणि मी तिच्या शेजारी, पाटावर, तिच्याच दिशेला बघत.
धाकटे काका यायचे, चहा संपवून म्हणायचे,
बाईच्या नावाच्या दुकानात कोण ठेवतंय डाग?
मग दोन मामांना पत्रं गेली.
मग वकील जेवायला आले.
मी एकविसाचा झालो त्या पाडव्याला
पेंटर शिडी घेऊन दारात उभा.
मी नको म्हणालो नाही.
रंगाचे पैसे गल्ल्यातून तिनेच दिले,
सुट्टे, दोनदा मोजून.

सोजरला आजचा भाव दिला, वर पन्नास.
नाणं सरांच्या पाकिटात गेलं,
त्यांनी वर तारीख घातली, गाव घातलं,
सापडणारीचं नाव विचारलं
आणि सोजरने ते हळू आवाजात सांगितलं,
आडनावासकट.

शटर ओढण्याआधी स्टुलावर चढलो.
माझ्या नावातल्या 'मुरली'वरून अंगठा फिरवला.
जुना रंग जाड लावायचे तेव्हा.
'ली'च्या पोटात
'सू'ची शेपटी लागते,
डोळ्यांना नाही दिसत.

"पडाल, शेठ,"
रस्त्यावरून सोजर ओरडली, डोक्यावर रिकामी पाटी.
"काय शोधताय?"